वरच्या ओळीतला डावीकडचा दुसरा

मानवजातीचा आजवरचा सगळा इतिहास म्हणजे वाकडं असेल ते सरळ करण्याची धडपड आहे, असं जबडेकाकांचं ठाम मत होतं. माणसाने नद्यांना बांध घातले, डोंगरांतून रस्ते काढले, कायदे केले, पोरांना बाकांवर ओळीने बसवलं, आणि या सगळ्या धडपडीचं शिखर म्हणजे दातांना लावायची तार. हे मत ते नव्या पेशंटच्या आईला उभ्या उभ्या ऐकवत. ऐकवताना त्यांच्या शर्टाची बटणं बहुधा एक घर चुकून लागलेली असत, त्यामुळे इतिहासाचा हा प्रवक्ता डाव्या अंगाला जरा उतरता दिसे. आई मान डोलावी आणि पोरगं बटणं मोजी.

जबडेकाका डॉक्टर नव्हते. दात सरळ करण्याच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसणारे साचेवाले होते. पुढच्या खोलीत डॉक्टर पेशंटच्या तोंडात गुलाबी लगदा भरलेला पत्र्याचा साचा कोंबायचे, पेशंट दोन मिनिटं डोळ्यांतून पाणी काढायचा, आणि घट्ट झालेला तो लगदा दातांचे ठसे घेऊन जबडेकाकांच्या टेबलावर यायचा. त्यात ते प्लास्टर ओतत, बुडबुडे निघावेत म्हणून टकटक हलवत, आणि तासाभराने लगदा सोलला की पांढरेशुभ्र जबडे हातात येत. तळाशी नाव आणि तारीख. या जबड्यांकडे बघून डॉक्टर तारेचा बेत ठरवत. दोन वर्षांनी तार निघाली की दातांनी परत मूळ पदावर जाऊ नये म्हणून घालायची पट्टी, तीही जबडेकाकांच्याच हातची. त्यांच्या खोलीत छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर सगळ्या गावाचे जबडे ओळीने बसलेले होते, कधी न संपणाऱ्या सभेला आल्यासारखे.

त्यांचं खरं आडनाव कुणालाच माहीत नव्हतं. एकदा तर लग्नाचं आमंत्रण ‘श्री. व सौ. जबडे’ या नावाने आलं, आणि दोघं नवराबायको जाऊन जेवूनही आले.

चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी हाक मारली तर ते बावचळत. समोरचा माणूस हसला की मात्र लख्ख ओळख पटे. ‘‘अरे! वरचे दोन फाकलेले, खालचा एक आत! आई बरी आहे ना?’’ असं भर चौकात म्हणत, आणि समोरचा माणूस पटकन तोंड मिटून घेई.

काकूंची ओळखही त्यांना अशीच झाली होती. काकू तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या आणि याच दवाखान्यात दात सरळ करून घ्यायला आल्या होत्या. वरच्या ओळीत डावीकडचा दुसरा दात त्याच्या शेजारच्या दातावर अर्धा चढून बसला होता, गर्दीत पुढच्याच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या माणसासारखा. जबडेकाका तेव्हा अजून कुणाचे काका नव्हते. साचा सोलला आणि ते त्या दाताकडे बघतच राहिले. बाकीच्यांना बत्तीस दात असतात. या मुलीला, त्यांच्या मते, एकतीस दात आणि एक सही होती.

पुढच्या आठवड्यात ती तार लावायला आली तेव्हा मोठे डॉक्टर आत कामात होते. साचेवाल्याने सगळा धीर गोळा केला आणि म्हटलं, ‘‘नका करू सरळ. छान दिसतो.’’

मुलीने त्याच्याकडे बघितलं. खुर्चीवर बसून जरा वेळ विचार केला, आणि तार न लावताच निघून गेली. वर्षाच्या आत दोघांचं लग्न झालं. मोठे डॉक्टर शेवटपर्यंत म्हणत, ‘‘माझा पेशंट पळवणारा हा एकटाच. बरं, दुसऱ्या दवाखान्यात तरी न्यायचा!’’

जुने जबडे काही वर्षांनी फोडून टाकायचे असा दवाखान्याचा नियम होता. जबडेकाका तो काटेकोर पाळत. एक जबडा तेवढा एकतीस वर्षं त्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात राहिला. कुणी विचारलं की ते तो काढून दाखवत आणि सांगत, ‘‘हा बघा. या दाताने मला धरला तो अजून सोडलेला नाही.’’ ऐकणारा हसे. काकू तिथे असल्या तर म्हणत, ‘‘चला, उशीर झाला.’’

एकतीस वर्षांत काकूंनी तीनदा विषय काढला होता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, ‘‘अहो, माझा तो दात तेवढा करून टाका की.’’ जबडेकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला. चाळिशीत म्हणाल्या, ‘‘हल्ली मोठी माणसंसुद्धा तार लावतात म्हणे.’’ जबडेकाका म्हणाले, ‘‘लावतात. ज्यांचे दात वाईट दिसतात ते.’’ तिसऱ्यांदा, सहा वर्षांपूर्वी, काकू बेसिनशी उभ्या राहून म्हणाल्या की तिथून रक्त येतं. जबडेकाकांनी मऊ ब्रश आणून दिला. चांगला, महागातला.

जगाचे दात सरळ का करावेत हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि बायकोचा का करू नये हेही तोंडपाठ होतं. ही दोन पाठांतरं एकमेकांना कधी भेटली नाहीत.

ती भेटली एका मंगळवारी, अकरा वाजता, दवाखान्याच्या पुढच्या खोलीत. मोठ्या डॉक्टरांच्या मागे दवाखाना त्यांची मुलगी चालवत होती. ती लहानपणी मागच्या खोलीत प्लास्टरशी खेळत मोठी झाली होती, त्यामुळे अजून काका-काकूच म्हणायची. तिने काकूंचा एक्स-रे उजेडावर धरला आणि बराच वेळ काही बोलली नाही. ज्या मुलीला आपण नाक पुसायला शिकवलं ती गप्प झाली की माणसाला धडकी भरते.

‘‘काका, इथे हाड असायला हवं होतं.’’

जबडेकाकांनी चष्मा वर केला, खाली केला. दातांची मुळं दिसत होती. त्यांच्याभोवती काळोख होता.

‘‘पुढचे सहाही हलतायत,’’ ती म्हणाली. ‘‘सुरुवात या चढलेल्या दातापाशी झालीय. मग शेजारी पसरत गेलं.’’

‘‘आता तार लावली तर?’’

‘‘तार कशाला बांधू काका? खुंटच उपटून हातात येतोय.’’ आणि मग एक्स-रे खाली ठेवत ती सवयीने बोलून गेली. ‘‘दातावर दात चढला की मध्ये ब्रश पोचत नाही. ब्रश पोचला नाही की थर बसतो. थर बसला की हिरडी सुजते, आणि हिरडी सुजत राहिली की खालचं हाड झिजत जातं. दिसण्याचं सोडून द्या, दात टिकावेत म्हणून...’’

ती थांबली. वाक्य जबडेकाकांचं होतं. चार हजार आयांना त्यांनी ते ऐकवलं होतं, आणि ही मुलगी सात वर्षांची असताना स्टुलावर उभी राहून त्याची नक्कल करायची.

‘‘...म्हणून सरळ करायचे,’’ जबडेकाकांनी पुरं केलं.

काकू खुर्चीत आडव्या होत्या. त्यांनी छताकडे बघत विचारलं, ‘‘किती काढायचे?’’

‘‘वरचे पुढचे सहा, काकू.’’

‘‘बरं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘शनिवारी नको. शनिवारी शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो आहेत.’’

काकू फोटो स्टुडिओत काम करायच्या. पाठीमागे निळा पडदा, दोन दिवे, एक गोल स्टूल, आणि त्यावर येऊन बसणारं सगळं गाव. दिवसभर त्या लोकांना हसवायच्या. ‘‘हसा. इतकं नको, ओळखपत्र आहे. हां, आता चूक नसताना पकडल्यासारखे दिसताय, छान.’’ त्यांच्या हातचे फोटो घरोघरी होते.

दात काढले त्याच दिवशी कवळी बसवायची असं ठरलं, म्हणजे काकूंना बिनदाताचं बसावं लागणार नाही. हे काम कसं करतात ते जबडेकाकांना ठाऊक होतं, शेकड्यांनी केलं होतं. तोंडातले दात काढायच्या आधीच त्या तोंडाचा साचा घ्यायचा, प्लास्टरचा जबडा करायचा, आणि त्या जबड्यावरचे दात साचेवाल्याने करवतीने कापायचे. मग कापलेल्या जागी खोटे दात मेणात उभे करायचे आणि त्यावर गुलाबी प्लास्टिकची हिरडी गरम पाण्यात शिजवायची. थोडक्यात, डॉक्टरच्या आधी साचेवाला दात काढतो. अशा कवळीत एकच अडचण असते, की ती आधी तोंडात घालून बघता येत नाही. खरे दात जागेवर असतात ना. पेशंटला आपलं नवं हसू काम झाल्यावरच कळतं.

अशा वेळी साचेवाला पेशंटकडे एखादा जुना फोटो मागतो, दात दिसत असलेला. दात कसे होते ते त्यावरून समजतं. जबडेकाकांनी रविवारी घरातले सगळे अल्बम जमिनीवर मांडले. लग्नात काकूंचे ओठ मिटलेले. समुद्रावर तोंड वळवलेलं. पंचविसाव्या वाढदिवसाला केक कापताना मान खाली. बहिणीच्या बारशाला, मध्येच कुणाचा तरी हात आलेला. बाकीच्या फोटोंत काकू नव्हत्याच, कारण त्या कॅमेऱ्यामागे होत्या.

‘‘कमाल आहे,’’ जबडेकाका म्हणाले. ‘‘फोटोवाल्याची बायको असतीस तर एक वेळ समजलो असतो. तू स्वतः फोटोवाली!’’

‘‘मिठाईवाला कुठे मिठाई खातो?’’ काकू म्हणाल्या, आणि अल्बम उचलायला लागल्या.

जबडेकाकांनी फार विचार केला नाही. त्यांच्यापाशी फोटोपेक्षा चांगली वस्तू होती. नव्या साच्यात तो दात हिरडी सोडून बराच खाली घसरला होता, बाहेर झुकला होता, दमल्यासारखा दिसत होता. जुना जबडा त्यांनी खणातून काढून समोर ठेवला. बावीस वर्षांचा दात. त्यावरूनच करायचं त्यांनी ठरवलं, आणि ठरवल्यावर त्यांना काकूंच्या या दुखण्यात पहिल्यांदाच बरं वाटलं. जे गेलं ते आपल्या हाताने परत आणता येतं, असं किती नवऱ्यांना म्हणता येईल?

दुपारी दवाखाना जेवणासाठी बंद झाला की ते काम करत. पहिल्या दुपारी त्यांनी दात कापले. उजवीकडून सुरुवात केली, तो चढलेला दात तेवढा शेवटाला ठेवला. पाच दात कापताना काही झालं नाही. प्लास्टर ते प्लास्टर. सहाव्यापाशी त्यांनी करवत ठेवली, उठून पाणी प्यायले, हात धुतले, विनाकारण खिडकी उघडली आणि लावली. मग परत बसले आणि कापला. तुकडा टेबलावर पडला, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. त्यांनी भुकटीबरोबर तो झाडून टाकला नाही. एका काडेपेटीत ठेवला आणि लगेच आपण काय करतो आहोत म्हणून चिडून काडेपेटीतून काढून टाकला.

पुढच्या तीन दुपारी ते एकाच दातापाशी होते. पाच दात अर्ध्या तासात लागले. सहावा किती चढला होता, किती वळला होता, त्याची कड शेजाऱ्यावर नेमकी कुठे टेकत होती, हे ते जुन्या जबड्यावरून सुईने मोजत आणि मेणात केसभर ढकलत. चाळीस वर्षं ज्या हातांनी वाकडं सरळ केलं ते हात आता उलटं शिकत होते. वाकडं काढणं फार कठीण असतं. सरळ रेष कुणीही मारतो.

पुढच्या सोमवारी दात काढले. पाळी आली तसा एकेक डॉक्टरच्या चिमट्यात इतका सहज आला की तिलाच वाईट वाटलं. सहावा निघाला तेव्हा जबडेकाका मागच्या खोलीत नळ सोडून उभे होते. मग कवळी बसवली. एक दिवस काढायची नाही, डॉक्टर म्हणाली, जखमेवरच्या मलमपट्टीसारखी राहू दे. काकू सुजलेल्या ओठावर रुमाल धरून घरी आल्या, पातळ काहीतरी प्यायल्या आणि झोपल्या. आरशात बघितलं नाही.

मंगळवारी डॉक्टरने कवळी काढली, जखमा धुतल्या, कवळी परत बसवली आणि हातात आरसा दिला. ‘‘काकू, काकांनी काय काम केलंय बघा! मला आधी वाटलं तुमचा दात चुकून राहिलाच.’’

काकूंनी आरशात बघितलं. ओठ एका बोटाने वर उचलला, सोडला. ‘‘हो,’’ म्हणाल्या, आणि आरसा परत दिला.

जबडेकाका दारात उभे होते, परीक्षेचा निकाल लागलेल्या पोरासारखे.

थोड्या वेळाने काकू मागच्या खोलीत आल्या. वर्षानुवर्षं त्या इकडे आल्या नव्हत्या. स्टूल ओढून बसल्या आणि सभोवतीच्या जबड्यांवरून नजर फिरवली.

‘‘अहो, एक विचारू?’’ नव्या दातांवर शब्द अडखळत होते. ‘‘हा असा का लावलात?’’

‘‘असा म्हणजे? तुझाच आहे तो. केसाइतका इकडे नाही की तिकडे नाही.’’

‘‘सरळ लावायला जास्त मेहनत पडली असती का?’’

‘‘छे! सरळ लावणं म्हणजे पोरखेळ. याच्यावर तीन दुपारी गेल्या माझ्या.’’

‘‘तीन दुपारी,’’ काकू म्हणाल्या. ‘‘मला विचारायला किती वेळ लागला असता?’’

जबडेकाकांनी टेबलावरची भुकटी हाताने एका जागी लोटली. 

‘‘तुला शोभायचा तो,’’ ते म्हणाले.

‘‘कुणी बघितला?’’

‘‘कुणी म्हणजे? मी!’’

‘‘कधी?’’

हा प्रश्न फार सोपा होता. जबडेकाका उत्तर द्यायला निघाले आणि वाटेत थांबले. समुद्रावर भिजले तेव्हा काकू खूप हसल्या होत्या. तोंडावर हात होता. शेजाऱ्यांचा कुत्रा त्यांची चप्पल घेऊन पळाला तेव्हा काकूंना हसू आवरेना. दोन्ही हात तोंडावर. जबडेकाका एकतीस वर्षं उलटीसुलटी चाळत राहिले. प्रत्येक ठिकाणी काकू हसत होत्या आणि प्रत्येक ठिकाणी मध्ये हात होता. तो दात त्यांना डोळे मिटूनही कागदावर काढता आला असता, पण ज्याच्यावरून काढता आला असता तो जबडा पांढरा होता, कोरडा होता आणि त्याच्या तळाशी तारीख होती.

‘‘मला वाटायचं तू लाजतेस,’’ ते म्हणाले.

‘‘लाजतच होते. कशाची ते विचारलं नाहीत.’’ काकूंनी रुमालाने ओठ टिपला. ‘‘शाळेत मला ‘जिना’ म्हणायचे. एक पायरी वर असलेला दात म्हणून. सहा महिने घरात भांडले तेव्हा कुठे मला इथे यायला मिळालं. आणि तार लावायच्या दिवशी एक मुलगा म्हणतो, छान दिसतो.’’

‘‘मी खरंच म्हटलं होतं गं.’’

‘‘ते कळलं हो. म्हणून तर उठून गेले. म्हटलं, एका माणसाला आवडतो, तर बाकीच्यांसमोर धरू हात. मग बाकीच्यांसमोर धरता धरता तुमच्यासमोरही धरायला लागले. सवय ती सवय.’’

‘‘एकदा तरी नीट सांगायचंस.’’

‘‘तीनदा सांगितलं.’’ काकूंच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त जड गेलं. ‘‘आणि जोर कशाच्या जिवावर करायचा? येईल त्याला सांगायचात, हिच्या दातावर भाळलो म्हणून. मग तोच दात सरळ झाल्यावर मी काय उरणार होते?’’

टेबलावर जुना जबडा तसाच होता. काकूंनी तो उचलला, तळाशी स्वतःचं माहेरचं नाव वाचलं, तारीख वाचली.

‘‘हिच्याशी संसार केलात होय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बरी आहे. बोलत नाही, म्हातारी होत नाही. रक्तही येत नाही कुठून.’’

आणि हे बोलता बोलता त्यांना खरोखरच हसू आलं. हात झटकन वर गेला. दोघांनीही तो हात बघितला. काकूंनी तो खाली घेतला नाही. आता त्याला काय सांगणार?

‘‘सरळ करून देतो,’’ जबडेकाका म्हणाले.

‘‘आता?’’

‘‘आत्ता. बस इथेच.’’

काकूंनी कवळी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. जबडेकाकांनी आयुष्यात हजारो तोंडं बघितली होती, हे एक बघू नये एवढं त्यांना समजलं. त्यांनी मान खाली घातली. काकू स्टूल फिरवून भिंतीवरच्या फळ्यांकडे तोंड करून बसल्या.

तासभर यंत्राची बारीक घरघर चालली. तीन दुपारींचं काम दोन मिनिटांत उडालं. जबडेकाकांनी नवा दात घेतला, मेणात उभा केला. तो मुकाट्याने ओळीत उभा राहिला; सरळ उभं राहणाऱ्याला काही पडलेलीच नसते. मध्येच चष्मा धूसर झाला, त्यांनी तो दोनदा पुसला आणि प्लास्टरच्या भुकटीला दोष दिला.

भिंतीकडून, रुमालाआडून, बोबडा आवाज आला. ‘‘हा पोस्टमनच्या मुलीचा का?’’

‘‘हो.’’

‘‘तिचं छान झालं. आणि हे जुळे?’’

‘‘शिंप्याचे. दोघांचेही केले.’’

‘‘सगळ्यांचे केलेत,’’ काकू म्हणाल्या.

कवळी गरम पाण्याच्या भांड्यातून पक्की होऊन निघाली. जबडेकाकांनी ती घासली, धुतली आणि मागे न बघता हात लांब करून दिली.

दोन आठवड्यांनी सूज उतरली. स्टुडिओला सुट्टी होती त्या सकाळी काकू म्हणाल्या, ‘‘चला, माझा एक फोटो काढून द्या.’’ जबडेकाकांनी जन्मात कॅमेरा धरला नव्हता. काकूंनी पडदा नीट केला, दिवे लावले, कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, स्टुलावर आपल्या जागी केराची टोपली ठेवून नेम धरून घेतला, आणि टोपली उचलून तिच्या जागी जाऊन बसल्या.

‘‘मी हसले की दाबा. तुमच्या मनाने काही करू नका.’’

जबडेकाकांनी डोळा लावला. चौकटीत काकू होत्या. त्यांनी ओठ विलग करायला सुरुवात केली आणि उजवा हात मांडीवरून निघाला. काकूंनी त्याच्याकडे बघितलं, परत मांडीवर नेला. दुसऱ्यांदा हसल्या, हात गळ्यापर्यंत आला. मग त्यांनी एक युक्ती केली. दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर पक्क्या बसल्या, जशी वर्गात चुळबूळ करणारी पोरं बसवतात.

आणि हसल्या.

सहा दात, एका ओळीत, पांढरे, सारखे. कुणाच्याही तोंडात शोभले असते. जबडेकाका चौकटीत आपल्या बायकोला शोधत राहिले. डोळे तिचे होते, कपाळ तिचं होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्यासमोर हाताशिवाय हसत होती आणि त्या हसण्यात जे दिसत होतं त्यातलं तिचं काहीही नव्हतं. खरा दात हसताना त्यांना दिसायला हवा होता, एकदा, ओला आणि उजेडात. तो आता कुठल्या कचऱ्यात असेल कुणास ठाऊक. त्याच्यासाठी रडावंसं वाटत होतं आणि त्याच्यासाठी रडायचा हक्क जगात एकाच माणसाला नव्हता, आणि तो कॅमेऱ्यामागे उभा होता.

त्यांनी बटण दाबलं नाही. डोळा काढला, ताठ उभे राहिले. दोन आठवडे ते एक वाक्य जुळवत होते. रस्त्यात, बेसिनशी, प्लास्टर कालवताना. त्यात माफी होती, एकतीस वर्षं होती, आणि शेवटी तिचं नाव होतं, जे त्यांनी लग्नानंतर फारसं कधी घेतलं नव्हतं. वाक्य आता तयार होतं. त्यांनी घसा साफ केला.

‘‘अगं,’’ ते म्हणाले. ‘‘मला तुला काही सांगायचंय. गेली एकतीस वर्षं मी...’’

‘‘ते सांगा हो सावकाश,’’ काकू हातांवर बसल्या बसल्या, हसू तसंच धरून, ओठ न हलवता म्हणाल्या. ‘‘आधी तो पंखा बंद करा. केस उडतायत.’’